शालनच्या गोठ्यातली इंग्रजी

इंदापुरात महामार्गाच्या कडेला ट्रकांच्या पाठी रंगवणारा एक पेंटर आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्याकडे आलेलं पहिलं गिऱ्हाईक तो. गिऱ्हाईक अशासाठी म्हणते की येताना त्याने पिशवीभर पेरू आणले होते. दारातच उभं राहून त्याने विचारलं, "बाई, जलमभर 'हॉर्न प्लीज' लिव्हतोय. हॉर्न म्हंजी भोंगा. प्लीज म्हंजी कृपा करून. मग कृपा करून भोंगा काय? वाजवा कुठं गेलं?"

इतकी वर्षं इंग्रजी शिकवली, पण वर्गात मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. वर्गातली मुलं प्रश्न विचारत नसत, ती 'परीक्षेला येणार का' एवढंच विचारत. मी पेंटरला आत बसवलं आणि सांगितलं की अस्सल इंग्रज तिथे बहुतेक दुसरा शब्द लिहील, पण आपल्या रस्त्यावर हॉर्न ही वस्तूही आहे आणि ती वाजवणंही आहे. इंग्रजीचा स्वभावच तसा. एखादं नाम उचलावं, क्रियापदाच्या जागी ठेवावं, ते निमूट कामाला लागतं.

"म्हंजी वाजवा आतच हाय," पेंटर म्हणाला.

"हो, आतच आहे."

त्याचं समाधान झालं. माझं मात्र झालं नाही. आपल्या व्याकरणात नाम, विशेषण, क्रियापद यांना शब्दांच्या जाती म्हणतात. जात हा शब्द तिथे कोणी आणून ठेवला कोण जाणे, पण इंग्रजी शब्द ती फारशी पाळत नाहीत एवढं खरं. मी मुलांकडून मात्र वहीत रेघ मारून घ्यायचे, डावीकडे नामं, उजवीकडे क्रियापदं. पेरू खाता खाता मी शब्दकोश काढला. हात, डोळा, खांदा, कोपर, अंगठा: इंग्रजीत माणसाचं अर्धं शरीर क्रियापद होतं. त्या दिवशी मी स्वयंपाक करायला विसरले.

आमचा धंदा बाहेरच्यांना फार सोपा वाटतो. पुस्तकातला धडा वाचायचा, अवघड शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहायचे, झालं. खरी गंमत पुढे असते. समोरच्या माणसाला कुठलं वाक्य बोलायचं आहे ते आधी काढून घ्यावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं. द्राक्षबागायतदार यायचे, 'एक्स्पोर्टपुरतं शिकवा' म्हणून. एक नवरदेव आला, त्याला फक्त सासऱ्यांसमोर बोलायचं होतं. शालन मात्र वाक्य ठरवूनच आली होती.

शालनचा गोठा इंदापूरच्या थोडा बाहेर, महामार्ग सोडून आत. पंचेचाळिशीच्या आसपासची बाई, सातवीपर्यंत शिकलेली. सकाळचं दूध डेअरीला घालून ती तशीच स्कूटी घेऊन माझ्या दारात आली. मी 'शालनताई, बसा' म्हटलं तर म्हणाली, "मला अगं-तुगं करा बाई, न्हायतर शिकल्यागत वाटत न्हाय."

मग तिने सगळं सांगितलं. नवरा साखर कारखान्यात पाळीला, सासरे थकलेले, गोठा सगळा तिच्यावर. दूध संघाने परदेशातून काही तज्ज्ञ बोलावले होते, ते गोठे बघत हिंडत होते. शालनचा गोठा त्यांना आवडला. त्यांच्याशी बोलले तिचे दीर, भाऊसाहेब. भाऊसाहेब ग्रामपंचायतीत होते, माईक हातात आला की सोडवत नाही असा माणूस, पण मनाने चांगला. पाहुण्यांनी विचारलं, गोठ्यातलं काम कोण करतं? भाऊसाहेब म्हणाले, "ऑल फॅमिली. लेडीज हेल्पिंग."

"हेल्पिंग म्हंजी मदत ना, बाई?" शालनने विचारलं.

"मदत करतात, असं."

"मी मदत न्हाय करत. मी करते."

एवढंच तिला इंग्रजीत बोलायचं होतं. घाईचं कारणही होतं. कारखान्याचं गाळप सुरू झालं की ते पाहुणे पुन्हा येणार होते आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना शिकवायला एक गोठा निवडणार होते. तिथे शिकवणारं माणूसही ते स्वतः बोलूनच ठरवणार होते. "भाऊजी बोललं तर ते भाऊजींनाच मास्तर करत्याल," ती म्हणाली. "भाऊजींना गाईचं सड पुसता येत न्हाय."

पहिले काही दिवस आमचं अजिबात जमलं नाही. ती नवी वही घेऊन ताठ बसायची, पेन मुठीत धरायची, आणि मी माझ्या जुन्या वळणाने सुरुवात केली: 'दिस इज अ काऊ.'

"बाई," ती म्हणाली, "ही गाय हाय ते त्यांना दिसतंयच की."

 कर्ता, कर्म, क्रियापद असं सांगायला गेले की तिचा चेहरा उन्हात ठेवलेल्या पालेभाजीसारखा व्हायचा. वेळ कमी होता. शेवटी मी वही तिच्या पिशवीत घातली आणि म्हटलं, उद्यापासून मी तुझ्याकडे येते.

गोठ्यात तिची जीभ वेगळी होती. गाईंशी ती सारखी बोलत असे. कास धुताना, धारांचं मशीन लावताना, पेंड टाकताना, दाव्याची गाठ सोडताना तोंड चालूच. राधा नावाची गाय तर तिचा आवाज आल्याशिवाय पान्हा सोडत नसे. मी तिथेच पालथ्या पाटीवर बसले आणि विचारलं, "हे काय?"

"दूध. मिल्क."

"आणि तू आत्ता काय करतेस?"

"धार काढते."

"म्हण, आय मिल्क."

ती थांबली. "दूध झालं. काढते कुठं गेलं?"

पेंटरचाच प्रश्न. महामार्गावरचा पेंटर आणि गोठ्यातली बाई एकाच जागी अडखळतात, म्हणजे गंमत इंग्रजीत नाही, आपल्या मराठीत असणार, असं माझ्या मनात आलं. मग मी तिला जे सांगितलं ते आधी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नव्हतं, तिथेच सुचलं. म्हटलं, आपल्याकडे नाम स्वतः काम करत नाही, गडी लावतं. पाणी 'द्यावं' लागतं, मीठ 'घालावं' लागतं, दूध 'काढावं' लागतं. आणि सगळ्यांत जास्त राबणारा गडी म्हणजे 'मारणे'. ब्रश मारतो, पंप मारतो, फोन मारतो, चक्कर मारतो, डुलकीसुद्धा मारतो. इंग्रजीत गडी नाही. पाणीच पदर खोचून कामाला जातं. आय वॉटर. मीठच जातं. आय सॉल्ट.

शालनला हे लगेच पटलं. पटलं नाही ते कोपऱ्यात बाजेवर बसलेल्या आबांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना. मला वाटलं होतं ते झोपलेत.

"नांगराचं काय वो बाई?" आबा म्हणाले. "नांगरानं आमी नांगरतो. कुळवानं कुळवतो, खुरप्यानं खुरपतो. तितं कुठला गडी लावलाय?"

 खरंच की. हात आहे आणि हाताळणं आहे, लाथ आहे आणि लाथाडणं आहे. समोर राधा उभी होती, तिचा पान्हा आणि तिचं पान्हावणंही होतं. मराठीतली नामंही कामाला जात होतीच, फक्त जाताना शेवटी एक शेपूट जोडून घेत होती. इंग्रजीतली तेवढंही करत नाहीत, आहेत त्या कपड्यांनिशी निघतात. मी आबांना म्हटलं, तुम्ही माझ्या वर्गात हवे होता. ते म्हणाले, "मी साळंतनं पळालोय बाई, तुमच्या हाती घावलो नसतो."

त्या दिवसापासून आमची गाडी पळायला लागली. शालनला बरीच इंग्रजी नावं आधीच येत होती. औषधाच्या बाटल्यांवरून, खाद्याच्या गोण्यांवरून, टीव्हीवरून, कुठून कुठून कानावर पडलेली. आजवर ती नुसती पडून होती. आता तिने एकेक नाव उठवून कामाला लावलं. आय ब्रश. आय रोप. आय नेम, कारण कालवडींची नावं तीच ठेवायची. गायीला उन्हातून आत घेतलं की आय शेड. कधी कधी तर मलाच तिला आवरावं लागायचं. एकदा शेणाची पाटी उचलून म्हणाली, "आय डंग." मी हसले, म्हटलं असं नाही म्हणत. घरी येऊन उगाच शब्दकोश उघडला, तर जुन्या इंग्रजीत शेताला शेणखत घालणं म्हणजे तेच. दुसऱ्या दिवशी जाऊन तिला सांगितलं की तू बरोबर होतीस. ती म्हणाली, "त्यांच्याकडं बी शेण हाय म्हनायचं."

'डॉक्टर'च्या वेळी मात्र मी तिला बजावून ठेवलं. दगडीची, म्हणजे कास सुजून कडक होण्याची, सुरुवात झाली की कास शेकणं, हळद लावणं, असले घरचे इलाज ती करायची. इंग्रजीत डॉक्टर हेही क्रियापद आहे, तेव्हा जनावराला डॉक्टर केलं म्हणायला हरकत नाही. पण त्याच्यापुढे चुकून 'मिल्क' आलं तर अर्थ होतो दुधात भेसळ केली. "दूध संघाच्या माणसांपुढे एवढं बोललीस तर तुझा गोठा राहिला बाजूला, तुलाच धरून नेतील," मी म्हटलं. तिने कानाला हात लावले, आणि मग रोज मला भीती घालायला 'आय डॉक्टर' म्हणून थांबायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची.

छबी नावाचं एक वासरू होतं. ते जन्मलं आणि त्याची आई गेली. शालनने त्याला बाटलीने दूध पाजलं, रात्री गोणपाटात गुंडाळून उशाशी घेतलं, हे सगळं मला आबांनी सांगितलं, तिने नाही. एकदा छबीच्या पाठीवरून हात फिरवत तिने विचारलं, "हिला मी काय केलं, ते कसं सांगायचं? पाळलं म्हनावं, तर पाळलेल्या सगळ्याच हायत्या."

"आय मदर," मी म्हटलं.

"आई हे बी कामाला जातंय?"

"जातं. सांभाळणं, माया करणं, सगळं त्यात येतं."

तिने थोडा विचार केला. "आणि फादर?"

"तेही जातं. पण त्याचा अर्थ नुसतं जन्माला घालणं."

शालन इतकी हसली की राधाने मान वळवून पाहिलं. आबाही हसले. मी मात्र घरी जाताना त्याच विचारात होते. एवढा जुना शब्द, किती लोकांच्या तोंडून गेला असेल, आणि कोणी ठरवून न ठरवता त्यात हे आपोआप लिहिलं गेलं. इंग्रजी शिकवून मला पगार मिळाला, पेन्शन मिळते, पण असा आनंद फार थोड्या वेळा मिळाला.

हळहळ एकच. तिला भूतकाळ शिकवायचा राहिला. मी 'काल केलं' पर्यंत आणू पाहत होते, पण ती दाद देईना. म्हणायची, "बाई, काल केलं, आज करते, उद्या बी हायच. एकच काळ पुरतोय मला." 

पाहुणे आले त्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. शालनने काठापदराची साडी नेसली होती, केसात गजरा होता. तिने दोन मिनिटं बोलायचं असं ठरलं होतं, भाऊसाहेबांनीही कबूल केलं होतं. "वहिनी बोलत्याल, पण आधी सत्कार," ते म्हणाले. आणि आपल्याकडे सत्कार सुरू झाला की तो संपवणं कोणाच्याच हातात राहत नाही. पाहुण्यांना फेटे झाले, शाल-नारळ झाले. मग फेटे बांधणाऱ्यांचा सत्कार राहिला असं कोणाच्या तरी लक्षात आलं. सरपंच आले, मग त्यांच्याआधीचे सरपंच आले. मलाही एक शाल मिळाली. पाहुण्यांतली एक उंच, पिकल्या केसांची बाई रबरी बूट घालून आली होती. ती मांडीवर नारळ घेऊन शहाण्यासारखी बसली होती, पण तिची नजर सारखी गोठ्याकडे होती.

ऊन कलायला लागलं. धारांची वेळ झाली तरी भाषणं चालूच होती. आतून राधा हंबरली, मग दुसरी, मग सगळ्याच. दुभत्या गाईला ताटकळत ठेवलं की कास ठणकते, पुढे दगडीची भीती. शालन माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात दाबला, म्हटलं, "थांब जरा, आता तुझंच नाव आहे." ती आणखी एक हंबरडा ऐकेपर्यंत थांबली. मग उठली, पदर खोचला आणि मांडवाच्या मागून निघून गेली.

मला तिचा राग आला, खरं सांगते. इतक्या दिवसांची मेहनत, आणि बोलायच्या ऐन वेळी ही उठून गेली. इकडे भाऊसाहेबांनी नाव पुकारलं, खुर्ची रिकामी दिसली, आणि त्यांना वाईट वाटलं असं काही मला दिसलं नाही. "आमच्या वहिनी कामात हायेत," ते माईकवर म्हणाले, "त्यांच्या वतीनं मीच दोन शब्द बोलतो." मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात गोठ्यातून धारांच्या मशीनचा आवाज सुरू झाला. ती बूटवाली बाई ताडकन उठली. तिने नारळ खुर्चीवर ठेवला आणि सरळ आवाजाच्या दिशेने चालू लागली. तिच्यामागे बाकीचे पाहुणे, त्यांच्यामागे मी, आणि फेटा सावरत, माईकची वायर ओलांडत भाऊसाहेब.

शालन राधाजवळ उकिडवी बसली होती. काठापदर गुडघ्यात गोळा केलेला, गजरा मानेवर सुटलेला. बूटवाल्या बाईने वाकून विचारलं की हे सगळं रोज तुम्ही करता का. मी अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर शालनने हातानेच मला थांबवलं. तिचे डोळे कासेवर होते, हात चालू होते.

"एव्हरी डे," ती म्हणाली. "आय मिल्क. मॉर्निंग, इव्हनिंग. आय वॉटर. आय सॉल्ट. आय ब्रश." मग राधाच्या पाठीवर थाप मारून, "दिस राधा. आय नेम."

बाई तिच्यासमोर तशीच शेणात उकिडवी बसली. गाय आजारी पडली तर काय करता, असं काहीतरी तिने विचारलं.

"आय डॉक्टर," शालन म्हणाली आणि थांबली. समोर दुधाचा कॅन होता. दूध संघाची माणसं मागे उभी होती.  शालनने कॅनकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि रोजच्यासारखी हसून म्हणाली, "काऊ. लिटल लिटल. बिग सिक, बिग डॉक्टर."

छबी मधे घुसून बाईची बोटं चोखायला लागली होती. ही कोणाची, असं बाईने खुणेने विचारलं. शालनचा हात पहिल्यांदा थांबला. "मदर नो," ती म्हणाली. "आय मदर."

 बाईने छबीला बोटं चोखू दिली. मग तिने मान वर करून विचारलं, "अँड हू हेल्प्स यू?"

यातला एक शब्द शालनला चांगला ओळखीचा होता. तिने मागे वळून पाहिलं. दारात भाऊसाहेब उभे होते, केशरी फेटा, खांद्यावर शाल. तिने त्यांच्याकडे बोट केलं.

"ही हेल्प," ती म्हणाली. थोडं थांबून, "गुड हेल्प."

सगळ्या पाहुण्यांनी वळून भाऊसाहेबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यांच्या हातात अजून माईक होता, वायर मागे मांडवापर्यंत ताणलेली. ते हसायला लागले, मग थांबले, मग शालनकडे बघत राहिले. इतकी वर्षं या गोठ्यात जाताना-येताना ते जे बघत होते, ते बहुधा त्यांनी तेव्हा पाहिलं.

"येस," ते म्हणाले. "आय हेल्प." आणि माईक खिडकीत ठेवून कॅन उचलायला पुढे आले.

"फेटा काढा आधी, भाऊजी," शालन म्हणाली. "गाय बुजंल."

भाऊसाहेबांनी फेटा काढला, खुंटीला अडकवला आणि कॅन उचलला.